वाकांडा फॉरेव्हर पाहून आलो, दोन दिवस झाले तरी मन ठरत नाहीये

शेवटचीरांग
१३ नोव्हेंबर २०२२

इशारा: पुढे सगळी गोष्ट फोडली आहे. ज्यांना पाहायचाय त्यांनी आधी पाहून यावं, धागा कुठे जात नाही.

मार्वलच्या ‘ब्लॅक पँथर’चा हा दुसरा भाग, शुक्रवारी पहिल्याच दिवशी रात्रीच्या खेळाला गेलो होतो. तेव्हापासून मला वाटतंय की मी दोन सिनेमे पाहिले. एक मनाला फार लागला. दुसऱ्यावर माझा राग आहे. आणि दोन्ही एकमेकांत असे गुंतलेत की सुटे करता येत नाहीत, म्हणून इथे लिहायला बसलो.

आधी लागलं ते सांगतो. सुरुवातीला पडदा काळाच असतो, शुरीचा आवाज येतो, ती देवीला हात जोडून विनवतेय. मग प्रयोगशाळा. पहिल्या भागात खलनायक किलमाँगरने जाळून टाकलेली ती हृदयाच्या आकाराची वनस्पती ती यंत्रांवर पुन्हा घडवायला बघतेय, कारण भाऊ आजारी आहे आणि तेवढा एकच उपाय उरलाय. तो भाऊ, राजा टचाला, म्हणजेच ब्लॅक पँथर, आपल्याला दिसत नाही, एकदाही नाही. तो कुठेतरी पलीकडच्या खोलीत आहे. शुरी आकडे विचारतेय, हात चालवतेय, आणि आई, राणी रामोंडा, आत येऊन सांगते की तो गेला. संपलं. मग वाकांडा या कल्पित आफ्रिकी देशाची पांढऱ्या कपड्यांतली अख्खी राजधानी, ढोल, नाच, खांद्यावरची शवपेटी. आपल्याकडेही दुःखाचा रंग पांढराच, त्यामुळे ते दृश्य परकं वाटलं नाही. त्यानंतर मार्वलचा लोगो येतो, त्यात फक्त टचालाचं काम केलेल्या चॅडविक बोझमनची दृश्यं आणि संगीत अजिबात नाही. दर वेळी या लोगोला शिट्ट्या पडतात. परवा भरलेल्या थिएटरात एसीचा आवाज ऐकू येत होता.

२०१८ साली पहिला भाग मी सहा वेळा पाहिला. धबधब्याच्या कड्यावरची ती झुंज, टचालाचं पाण्यातून उठणं, सगळं पाठ आहे. बोझमनला २०१६ मध्येच आतड्याच्या कर्करोगाचं निदान झालं होतं आणि त्याने ते जगापासून लपवलं, हे आपल्याला कळलं तो २८ ऑगस्ट २०२० ला गेला तेव्हा. ४३ वर्षांचा होता. म्हणजे मी ज्याला सहा वेळा त्या पाण्यातून उठताना पाहिलं तो माणूस तेव्हा आजारी होता. ते कळल्यापासून तो प्रसंग मी पूर्वीसारखा पाहू शकलेलो नाही. त्यामुळे या सिनेमाची पहिली दहा मिनिटं म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून त्याला दिलेला खांदा होता. दिग्दर्शक रायन कूगलर तर हा धक्का बसल्यावर सिनेमाच सोडून द्यायला निघाला होता. तो परत आला आणि त्याने हे केलं, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

आता राग.

एवढा मोठा शोक मांडल्यावर सिनेमाने त्या शोकापाशी थांबायला हवं होतं. तो थांबत नाही. शुरी आणि रामोंडा नदीकाठी बसल्यात, वर्ष सरलंय, आई म्हणतेय की सुतकातले कपडे जाळू, आणि मुलगी म्हणतेय की मला ते जमणार नाही. केवढा मोठा प्रसंग! तो पुरता व्हायच्या आत पाण्यातून नमोर, समुद्राखालच्या लोकांचा राजा, वर येतो. तेही चालेल, नमोर चांगला आहे, त्याच्याबद्दल पुढे लिहितो. पण मग आपण अमेरिकेत जातो, एमआयटीत शिकणाऱ्या रीरी विल्यम्सकडे. मग गाड्यांचा पाठलाग, मग सीआयएचा एव्हरेट रॉस, मग त्याची जुनी बायको जी आता सीआयएची प्रमुख आहे. रीरीचं काम करणारी मुलगी गोड आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण तिची स्वतंत्र मालिका येणार आहे हे आधीच जाहीर झालंय, आणि तिचा प्रत्येक प्रसंग त्या मालिकेचा पाया घालायला आल्यासारखा वाटतो. रॉसचे प्रसंग काढून टाकले तर गोष्टीला ओरखडाही उठणार नाही. ती वीसेक मिनिटं शुरीची होती. शुरी झालेल्या लेटिशिया राइटला ती मिळाली असती तर तिचा सूड, तिचं कोलमडणं आणि शेवटी भाला खाली घेणं जास्त खोल उतरलं असतं.

नमोर. कॉमिकमध्ये हा १९३९ पासून आहे, अटलांटिसचा राजा म्हणून. कूगलरने अटलांटिस काढून टाकलं आणि त्याला सोळाव्या शतकातल्या युकातानच्या माया लोकांत जन्माला घातलं. स्पॅनिश लोकांनी आणलेला देवीचा रोग आणि गुलामी यांच्यापासून वाचायला ती माणसं एक वनस्पती खातात, अंगं निळी पडतात, हवेत श्वास घेता येईना म्हणून समुद्रात उतरतात. आणि इथे मला पहिला भाग आठवून अंगावर काटा आला. किलमाँगर मरताना काय मागतो? मला समुद्रात टाका, जिथे माझ्या पूर्वजांनी जहाजांवरून उड्या मारल्या, कारण बेड्यांपेक्षा मरण बरं हे त्यांना कळत होतं. या भागात त्याच समुद्रातून माणसं वर येतात. गुलामी नको म्हणून पाण्यात गेलेली आणि न मेलेली. मला वाटतं हा या दोन सिनेमांमधला सगळ्यात मोठा धागा आहे आणि सिनेमात कुणीही तो बोलून दाखवत नाही. किलमाँगर स्वतः शुरीला पूर्वजांच्या लोकात भेटतो, तेव्हाही नाही!

शेवटची लढाई मला आवडली नाही. भर समुद्रात एका जहाजावर दोरांना लटकून चाललेल्या मारामारीत कोण कुठे आहे हेच कळत नाही. वाकांडाच्या स्त्री-रक्षकांची सेनापती ओकोये हिला दिलेलं ते निळं चिलखत तर बघवत नाही. डोरा मिलाजेंचा, म्हणजे त्या रक्षक स्त्रियांचा, लाल पोशाख काय होता!

आणि सगळ्यात खालची गोष्ट, जी मी घरीही कुणाला बोललो नाही. टचाला जगायला हवा होता. दुसरा नट घेऊन. हे लिहिताना मला अपराधी वाटतंय, पण वाटतंय ते खरं आहे. तुम्हाला काय वाटलं?


निळाशार
१३ नोव्हेंबर २०२२

फार छान लिहिलंय. रॉसबद्दल शंभर टक्के सहमत. लढाईबद्दलही. पण पहिल्या भागातली शेवटची मारामारीही, तो रेल्वेच्या रुळांवरचा कॉम्प्युटरवर केलेला भाग, तेव्हाच कच्ची होती. आपण ती माफ केली कारण तिच्या शेवटी सूर्यास्त होता.

तलोकानबद्दल, म्हणजे नमोरच्या राज्याबद्दल, तुम्ही काही लिहिलं नाही. मी वाट पाहत होतो की पहिल्यांदा वाकांडा दिसलं तेव्हा जसं डोळे दिपले तसं काहीतरी होईल. पण पाण्याखालचं शहर गढूळ, अंधारं आहे. घरी आल्यावर विचार केला तर वाटलं, खोल पाण्यात उजेड असतोच कुठे? मुद्दाम केलंय हे पटतं. तरी तिकीट काढून गेलेल्या डोळ्यांना ते शहर नीट पाहायला मिळायला हवं होतं.


रंगपट
१४ नोव्हेंबर २०२२

शेवटचीरांग, अपराधी वाटून घेऊ नका. तुमचं म्हणणं चुकीचं नाही. मी नाटकाच्या बाजूने बोलते, मला तेवढंच कळतं.

नटसम्राट १९७० साली डॉ. लागूंनी उभं केलं. तो आवाज, ती नजर, लोकांना वाटलं की आता बेलवलकर म्हणजे हेच. पण पुढे दत्ता भट उभे राहिले, सतीश दुभाषी उभे राहिले. प्रत्येकाचा बेलवलकर निराळा. त्यामुळे लागू पुसले गेले का? उलट लोक घरी जाताना तुलना करत, म्हणजे पुन्हा लागूंबद्दलच बोलत. भूमिका नटाबरोबर सरणावर ठेवायची नसते, ती पुढच्याच्या हातात द्यायची असते, असं आम्ही शिकलो.

आणि इथे तर एका आफ्रिकी राजाची भूमिका आहे. गोऱ्या नायकांच्या भूमिका किती वेळा हातोहात गेल्या. जगभरच्या काळ्या मुलांना जो एक राजा मिळाला होता तो पहिल्या सिनेमानंतर चार वर्षांत पडद्यामागे आजारी पडून गेला, हे मला सोसवत नाही.


पीचट्री
१४ नोव्हेंबर २०२२

रंगपटताई, तुमचा मुद्दा मोलाचा आहे, पण मी दुसऱ्या बाजूला आहे. मी अटलांटात राहते, हे दोन्ही सिनेमे मुख्यतः आमच्याच गावात चित्रित झाले. २०१८ च्या फेब्रुवारीत माझ्या ऑफिसातल्या काळ्या मैत्रिणी आई, आजी, पोरं सगळ्यांना घेऊन, सणाचे आफ्रिकी कपडे घालून थिएटरात गेल्या होत्या. मला त्यांनी बरोबर नेलं. एक आजी सिनेमा संपल्यावर उठायलाच तयार नव्हत्या. मी इतकी वर्षं इथे आहे, थिएटरात तसं वातावरण पुन्हा पाहिलं नाही.

या वेळी त्याच मैत्रिणींबरोबर गेले. सगळ्या पांढऱ्या कपड्यांत. त्यांच्यातल्या एकीला मी हेच विचारलं, दुसरा नट चालला असता का? ती म्हणाली, दहा वर्षांनी चालेल, आत्ता नाही. आत्ता मला रडायला जागा हवी होती.

रंगभूमीवर नट लांब असतो. कॅमेऱ्यात त्याचे डोळे आपल्या वीतभर पुढे येतात. तिथे इतक्या लवकर दुसरे डोळे बसवले असते तर सेटवरच्या त्या बायकांनी कुणाकडे बघून संवाद म्हणायचे? रामोंडा झालेल्या अँजेला बॅसेटचा दरबारातला प्रसंग आठवा, जिथे ती ओकोयेचं पद काढून घेते आणि विचारते की मी सगळं दिलं नाही का. तो आवाज नुसत्या अभिनयातून येत नाही.


जोगेश्वरीकर
१५ नोव्हेंबर २०२२

मी जरा वेगळीकडून येतो. आमच्या घरात पँथर हा शब्द सिनेमाच्या फार आधीपासून आहे. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर उभी केली, ती ओकलंडच्या ब्लॅक पँथर पार्टीकडे बघून. माझे वडील तेव्हा विशीत होते, मोर्चात असायचे. कूगलर त्याच ओकलंडचा. पहिला सिनेमा सुरू होतो तोच १९९२ च्या ओकलंडमधल्या एका चाळवजा इमारतीत, खाली पोरं बास्केटबॉल खेळताहेत. वडिलांना मी तो घरी दाखवला होता. त्यांना मारामाऱ्यांत रस नव्हता. किलमाँगर म्युझियममध्ये विचारतो ना, की या वस्तू तुमच्या पूर्वजांनी विकत घेतल्या होत्या का? तिथे ते ताठ होऊन बसले. शेवटी म्हणाले, हा पोरगा चुकला, पण त्याचा प्रश्न चुकला नाही.

म्हणून या भागाबद्दलची माझी तक्रार तुमच्यापेक्षा मोठी आहे. सुरुवात किती तेज आहे! रामोंडा जिनिव्हाला भर सभेत फ्रान्सच्या पकडलेल्या सैनिकांना गुडघ्यावर बसवते. आपल्याला वाटतं, आता हिशेब मागितला जाणार. आणि मग पुढचे दोन तास कोण कुणाला मारतं? गुलामीतून सुटलेले माया लोक आणि गुलामीपासून वाचलेलं वाकांडा. एकमेकांना. व्हायब्रेनियम हा त्यांचा दुर्मिळ धातू उकरायला निघालेले मोठे देश बाजूला उभे. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ही गोष्ट आम्ही वस्तीवस्तीत पाहिली आहे, आणि ती इतकी खरी आहे की तिच्यावरच सिनेमा हवा होता. पण त्या तिसऱ्याचे प्रसंग हलक्याफुलक्या विनोदात घालवले आहेत. रॉस आणि त्याची बायको ही कटकट आहे ती लांबीमुळे नाही, या सुरामुळे आहे.


शेवटचीरांग
१५ नोव्हेंबर २०२२

जोगेश्वरीकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी त्या प्रसंगांना भरताड समजत होतो, तुम्ही दाखवलंत की तिथेच खरी गोष्ट होती. वडिलांचं वाक्य लक्षात ठेवीन.

एक मात्र म्हणतो. म्बाकू, वाकांडातल्या डोंगरी टोळीचा प्रमुख, शुरीला सांगतो की नमोर त्यांचा राजा नाही, देव आहे, त्याला मारलंस तर हे वैर कधीच मिटणार नाही. आणि ती शेवटी त्याला मारत नाही. ते दोघे एकमेकांना संपवायला नकार देतात, हे तुमच्या म्हणण्याच्या दिशेने टाकलेलं एक पाऊल नाही का?


जोगेश्वरीकर
१५ नोव्हेंबर २०२२

आहे. म्हणूनच हळहळ जास्त. पाऊल टाकलं आणि सिनेमा संपला.


निळाशार
१५ नोव्हेंबर २०२२

भाषेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. नमोर आणि त्याची माणसं आपसात युकातानची माया भाषा बोलतात. ती मेलेली भाषा नाही, आजही तिथे लोक घरात बोलतात. वाकांडाची भाषा म्हणून दक्षिण आफ्रिकेतली खोसा आहेच, ती टचालाच्या वडिलांचं काम करणाऱ्या जॉन कानी यांच्यामुळे २०१६ च्या ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’मध्ये आली आणि मग सगळ्या वाकांडाची झाली. एवढ्या खर्चाच्या सिनेमात तलोकानचा राजा आपल्या आईच्या भाषेत बोलतो आणि प्रेक्षकाने खालची ओळ वाचायची, हे मला फार भावलं.


मुक्ता_सोलापूर
१८ नोव्हेंबर २०२२

मी इथे वाचतेच फक्त. आज लिहिते आहे.

मी हा सिनेमा पूर्ण पाहिलेला नाही. सुरुवातीलाच उठून बाहेर आले. माझा दादा मे २०२१ मध्ये गेला, कोविडने. तो आत होता आणि मी इंजेक्शनसाठी गावभर फिरत होते. एकाने सांगितलं अमुक ठिकाणी मिळेल, तिथून दुसरीकडे. फोनवर मी कुणाशी तरी किमतीचं बोलत होते तेव्हा वहिनीचा फोन मध्ये येत होता आणि मी तो कापत होते. मला वाटत होतं, आधी औषध मिळू दे, मग बोलू.

शुरी यंत्राशी बोलत असते आणि मागून आई येते. मला माहीत होतं की आता काय सांगणार. मी बहिणीच्या मुलीबरोबर गेले होते, तिला म्हटलं तू बघ, मी बाहेर बसते.

सिनेमा चांगला की वाईट ते मला सांगता येणार नाही. पण ज्याने तो प्रसंग लिहिला त्याला हे कुठून कळलं, एवढंच सारखं मनात येतंय. की आपण धावत असतो आणि तेवढ्यात ते होऊन जातं.


पीचट्री
१८ नोव्हेंबर २०२२

मुक्ता, तू लिहिलंस ते बरं केलंस. घट्ट मिठी.


रंगपट
१९ नोव्हेंबर २०२२

मुक्ता, तुझं वाचून मी काल काही लिहू शकले नाही.

मी माझं मत बदललेलं नाही, पण एक कबूल करते. दुसरा नट घेतला असता तर हा प्रसंग नसता. नाटकात आम्ही भूमिका पुढे देतो तेव्हा शोक विंगेत ठेवून येतो. या लोकांनी तो रंगमंचावर आणला. त्याला धैर्य लागतं.


शेवटचीरांग
२५ जानेवारी २०२३

धागा वर काढतोय. काल ऑस्करची नामांकनं आली. अँजेला बॅसेटला साहाय्यक अभिनेत्रीचं नामांकन आहे. मार्वल स्टुडिओच्या सिनेमात अभिनयासाठी मिळालेलं हे पहिलंच. शिवाय वेशभूषा, रंगभूषा, दृश्यपरिणाम आणि गाणं.

दुसरं म्हणजे, कूगलरने मुलाखतीत सांगितलंय की बोझमन असताना लिहिलेली मूळ गोष्ट बाप-लेकाची होती. आधीच्या मार्वल सिनेमातला खलनायक थॅनोस याच्या चुटकीने टचाला पाच वर्षं नाहीसा होतो, परत येतो तेव्हा त्याला कळतं की आपल्याला मुलगा आहे, आणि त्या मुलाने बाप पाहिलेलाच नाही. ते वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. म्हणजे शेवटी हैतीच्या किनाऱ्यावर टचालाच्या प्रेयसीबरोबर, नाकियाबरोबर, जो छोटा येतो, तूसाँ, तो नंतर सुचलेला नाही. तो आधीपासून होता. त्या संहितेत बाप मुलाकडे परत येत होता, या सिनेमात बापाच्या जागी आत्या आली आहे.

मी आधी म्हणालो होतो की टचाला जगायला हवा होता. अजूनही वाटतं. पण आता मला दुसरा नट नको आहे, मला ती दुसरी गोष्ट हवी आहे, त्याच माणसाबरोबर. ती मिळणार नाही. बहुधा माझा राग मुळात यावरच होता आणि मी तो रॉसवर काढत होतो. रीरीबद्दलचं म्हणणं मात्र कायम आहे.


निळाशार
१३ मार्च २०२३

आज सकाळी सोहळा पाहिला. गाण्यात नाटू नाटू जिंकलं, घरात नाचलो. बॅसेटला मिळालं नाही, वाईट वाटलं. पण रूथ कार्टरला वेशभूषेचं मिळालं! पहिल्या भागासाठी मिळालं होतंच. दोन ऑस्कर मिळवणारी ती पहिली काळी स्त्री. तिची आई गेल्याच आठवड्यात १०१ व्या वर्षी गेली. हातात बाहुली घेऊन ती बोझमनला उद्देशून म्हणाली की माझ्या आईला सांभाळ.


पीचट्री
१३ मार्च २०२३

ते ऐकलं आणि मी टीव्हीसमोर उभी राहिले. पांढऱ्या कपड्यांचा तो सगळा जनसमुदाय तिनेच नटवला होता.


मुक्ता_सोलापूर
१४ मार्च २०२३

सिनेमा हॉटस्टारवर आल्यावर मी तीन वेळा थोडा थोडा करून पाहिला. काल रात्री शेवट गाठला.

शेवटचीरांगदादा, तुम्ही नदीकाठच्या प्रसंगाबद्दल लिहिलं होतं ना, की आई कपडे जाळू म्हणते आणि मुलगी नाही म्हणते. शेवटी ती एकटीच समुद्रावर बसून ते जाळते, आणि मग भावाची दृश्यं येतात, आवाजाशिवाय. त्या वेळी मी थांबवलं नाही. पाहिलं.

दादाचे कपडे तेराव्याला सगळे देऊन टाकले होते. एक निळा चौकडीचा शर्ट मी आधीच काढून ठेवला होता, वहिनीलाही माहीत नव्हतं. आज तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, राहू दे, जपून ठेव. भाचा आता आठवीत गेलाय, हात लांब झालेत त्याचे. अजून दोन वर्षांत त्याला बरोबर बसेल.